नकार द्यायला शिकवणारा साल्सा वर्ग: एक परीक्षण

जोडीने करायच्या नृत्याच्या वर्गाविषयी लिहिताना बहुतेक जण शिक्षक कसे आहेत, जमीन लाकडी आहे की फरशीची, वातानुकूलन चालते का आणि शुल्क किती, एवढ्यावर थांबतात. या गोष्टी मीही सांगणार आहे, पण थोडक्यात. कारण अनोळखी माणसाच्या हातात हात देऊन, कित्येकदा त्याचा श्वास जाणवेल इतक्या जवळ उभे राहून शिकायच्या या कलेत त्या दुय्यम ठरतात. तेथे नको म्हणता येते का, म्हटल्यावर ते ऐकले जाते का आणि ऐकले गेले नाही तर पुढे काय होते, हे मला आधी पाहावेसे वाटते. पुण्याच्या पश्चिम भागातील एका साल्सा-बचाता वर्गाचा आठ आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम मी पूर्ण केला आणि त्यानंतरही तेथील शुक्रवारच्या सोशलला, म्हणजे सर्वांनी मिळून नाचायच्या संध्याकाळी, जात असते. पहिल्या दोन प्रश्नांची या वर्गाची उत्तरे मला उत्तम वाटली. तिसऱ्याचे उत्तर अपुरे आहे. वर्गाचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे एका प्रसंगाचा उल्लेख येणार आहे आणि शहरातील साल्साचे वर्तुळ इतके लहान आहे की वर्ग कळला, तर प्रसंगातील मुलगी कोण हे ओळखायला कोणाला फार वेळ लागणार नाही.

माझी भूमिकाही आधी सांगितलेली बरी. मी ज्या कार्यालयात नोकरी करते, तेथील लैंगिक छळाच्या तक्रारी हाताळणाऱ्या अंतर्गत समितीची मी सदस्य आहे. त्यामुळे कुठल्याही संस्थेच्या भिंतीवर सूचनाफलक दिसला की तो वाचल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नृत्याच्या वर्गात ही सवय घरी ठेवून जावे असा सल्ला मैत्रिणींनी दिला होता. मी तो मानला नाही.

सोयीसुविधांचे एका दमात सांगून टाकते. दालन पहिल्या मजल्यावर आहे, जमीन लाकडी आहे आणि तळव्यांखाली बरी सरकते. एका भिंतीला पूर्ण आरसा आहे. पाणी आहे, पंखे आहेत, वातानुकूलनाचा भरवसा नाही. अभ्यासक्रमाचे शुल्क साडेतीन हजार रुपये आणि सोशलचे प्रवेशमूल्य चारशे रुपये. दुचाकी लावायला जागा मिळते, चारचाकी आणणाऱ्यांनी देवाचे नाव घेऊन निघावे. शिकवणे नेटके आहे. साल्साच्या आठ मात्रांपैकी चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाऊल का थांबते, हे येथे मोजून पाठ करून घेण्याआधी गाण्यातील वाद्ये ऐकवून समजावतात, आणि माझ्यासारख्या पन्नाशीकडे झुकलेल्या विद्यार्थिनीलाही ते तिसऱ्या आठवड्यापर्यंत पायात उतरल्याचे जाणवले.

आता मूळ विषयाकडे वळते. पहिल्या दिवशी पावले शिकवण्याच्या आधी शिक्षिकेने आम्हा सर्वांना दोन रांगांत समोरासमोर उभे केले. एका रांगेने विचारायचे, "नाचूया का?" दुसऱ्या रांगेने म्हणायचे, "आत्ता नको." विचारणाऱ्याने "बरं, धन्यवाद" म्हणून पुढच्या माणसाकडे सरकायचे. कारण विचारायचे नाही, "का हो?" नाही, "एकच गाणं, प्लीज" नाही, तोंड पाडायचे नाही. दोन फेऱ्या होईपर्यंत सगळे हसत होते, कारण नकार देणे नाटकी वाटत होते. तिसऱ्या फेरीत शिक्षिकेने नियम बदलला: आता "नको" म्हणायचे नाही, आपण एरवी जे बोलतो ते बोलायचे. लगेच "पाय दुखतायत", "जरा पाणी पिऊन येते", "नंतर बघू", "मला अजून नीट येत नाही" असे सुरू झाले. शिक्षिका म्हणाली, "हे सगळे नकारच आहेत. नंतर बघू म्हणणारीकडे पुढच्या गाण्याला पुन्हा जायचे नाही. तिला नाचायचे असेल तर ती येईल." माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ, निवृत्तीला आलेले अभियंता, हे ऐकून मनापासून चकित झाले. त्यांनी आयुष्यभर "नंतर बघू" याचा अर्थ "थोड्या वेळाने विचारा" असाच घेतला असावा. या सरावाचे मोल मला पुढे सोशलमध्ये कळले. जेथे सर्वांनी एकदा तरी नकार दिलेला असतो आणि घेतलेला असतो, तेथे नकाराने कोणाचा अपमान होत नाही.

वर्गात जोड्या दर काही मिनिटांनी बदलतात, तेव्हा शिक्षक "रोटेट" म्हणतात आणि लीड करणारी, म्हणजे नाचात पुढची चाल सुचवणारी, रांग एक जागा पुढे सरकते. ही पद्धत जगभर रूढ आहे आणि शिकण्यासाठी ती चांगलीच आहे, कारण एकाच जोडीदारासोबत शिकणाऱ्याला त्याच्या चुकांचीच सवय होते. पण अनेक वर्गांत हे फिरणे सक्तीचे असते, आणि ज्याच्यासमोर उभे राहायला नको वाटते त्याच्यासमोर फेरीगणिक उभे राहावे लागते. येथे कोपऱ्यातील दोन जोड्यांची जागा न फिरणाऱ्यांसाठी राखलेली आहे. तेथे कोणीही, कोणतेही कारण न देता जाऊ शकते. एखाद्या व्यक्तीसोबत सराव नको असेल तर शिक्षिकेला आधी सांगितले की ती रांगेचा क्रम असा लावते की ती फेरी येतच नाही, आणि वर्गात कोणाला त्याचा सुगावाही लागत नाही. ही छोटी व्यवस्था भिंतीवरच्या कोणत्याही घोषवाक्यापेक्षा मोठी आहे असे माझे मत आहे. चाल सुचवणारा लीड आणि तिला प्रतिसाद देणारा फॉलो, या दोन्ही भूमिका सर्वांना शिकवतात, ही आणखी एक चांगली बाब. फॉलो करून पाहिलेल्या पुरुषाला मनगट ओढले जाणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

सर्वांत बारकाईने शिकवलेली गोष्ट म्हणजे फ्रेम, दोघांनी एकमेकांना धरण्याची ठेवण. लीडचा उजवा हात फॉलोच्या पाठीवर, खांद्याच्या पात्यावर असतो. फॉलोचा डावा हात लीडच्या उजव्या दंडावर विसावतो. बहुतेक ठिकाणी हा दुसरा हात कुठे ठेवायचा एवढेच सांगतात. येथे त्याचे काम शिकवतात. शिक्षिकेने लीडना डोळे मिटायला लावले आणि फॉलोंना सांगितले, की दंडावरचा हात थोडा ताठ करा, मग सैल सोडा, मग पुन्हा ताठ करा. हात ताठ झाला की दोघांमधील अंतर वितीने वाढते, सैल झाला की कमी होते. लीडने ते अंतर फक्त जाणून घ्यायचे, स्वतःहून भरून काढायचे नाही. आमचे अभियंता गृहस्थ डोळे उघडून म्हणाले, "मला वाटायचं हा हात शोभेला असतो." गाणे चालू असताना तोंडाने बोलणे अवघड असते, संगीत मोठे असते, आणि अनोळखी माणसाला मोठ्याने "लांब राहा" म्हणण्याचे धैर्य नवख्या मुलीला होतेच असे नाही. तिच्या हातात आधीपासून असलेले साधन तिला दाखवून देणे, आणि समोरच्याला त्या हाताची भाषा शिकवणे, हे काम या वर्गाने चोख केले आहे. हात पाठीवरून खाली सरकू नये, डिप देण्याआधी, म्हणजे जोडीदाराला हातावर मागे झुकवण्याआधी, तोंडी विचारावे आणि ज्याचे वजन आपल्याला पेलणार नाही त्याला झुकवूच नये, हेही त्याच ओघात येते. डिपमध्ये मान किंवा कंबर दुखावू शकते, त्यामुळे विचारणे हा तेथे शिष्टाचाराबरोबर सुरक्षिततेचाही भाग आहे.

बचाताच्या बाबतीत मात्र मला एक तक्रार आहे. मूळ डोमिनिकन प्रजासत्ताकातील हे नृत्य २०१९ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आले. ते उघड्या पकडीतही, म्हणजे मध्ये अंतर ठेवून, छान नाचता येते. आपल्याकडच्या सोशलमध्ये आता स्पेनमध्ये रुजलेला त्याचा सेन्शुअल प्रकार अधिक चालतो, ज्यात छाती आणि कंबरेच्या लाटेसारख्या हालचाली अगदी जवळून, अंग अंगाला लागून कराव्या लागतात. वर्गाने हा प्रकार सहाव्या आठवड्यात आणला, आणि त्या दिवशी नेहमीची काळजी घाईत मागे पडली. "जवळच्या पकडीत यायचे की नाही हे फॉलोने ठरवायचे" हे वाक्य उच्चारले गेले, पण उघड्या पकडीतला पर्याय प्रत्यक्ष करून दाखवला गेला नाही. पर्याय दाखवला नाही तर निवड तोंडदेखली राहते. पुढच्या तुकडीसाठी ही सुधारणा अवघड नाही.

सोशलची संध्याकाळ साडेआठला सुरू होते आणि साडेअकराच्या सुमारास संपते. मनगटाला पिवळी फीत बांधलेले दोन स्वयंसेवक, एक पुरुष आणि एक स्त्री, पूर्ण वेळ फ्लोअरवर असतात; ते कोण आहेत हे सुरुवातीला माईकवरून सांगितले जाते. एका निमंत्रणाला एक गाणे, हा नियम आहे. अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेसच्या मिलोंगांमध्ये, म्हणजे टँगो नाचायच्या मेळाव्यांत, नाचाचे निमंत्रण दालनाच्या पलीकडून नजरेने आणि मानेच्या होकाराने देण्याची परंपरा आहे. नजर टाळली की विषय संपतो, आणि कोणी कोणाला नाकारले हे तिसऱ्याला कळत नाही. साल्साच्या गर्दीत आणि अंधुक रंगीत उजेडात ते जमणे कठीण, म्हणून येथे तोंडी विचारणे आले. त्यातही या वर्गाने एक चांगली सवय लावली आहे: हात पुढे करून उभे राहायचे नाही, आधी विचारायचे. पुढे आलेला हात चारचौघांत झिडकारणे अनेकींना जमत नाही, आणि मग नको असलेले गाणे नाचले जाते. फ्लोअरवर न मागता दुरुस्त्या सांगू नयेत, हाही नियम आहे. त्याचे पालन मात्र अर्धेमुर्धेच होते. "तुम्ही खांदा सैल सोडा" हे मला ज्यांनी सांगितले, त्यांतील दोघांचे स्वतःचे पाऊल तालात नव्हते.

आता तो प्रसंग. नव्याने येऊ लागलेली एक मुलगी एका अनुभवी नर्तकासोबत बचाता करत होती. गाण्याच्या मध्यावर तिचा डावा हात त्याच्या दंडावर पूर्ण ताठ झालेला मला दिसला. कोपर सरळ, बोटे दाबलेली, आणि तरीही अंतर वाढत नव्हते, कारण पाठीवरचा हात तिला पुढे ओढत होता. मी उठण्याआधी फीत बांधलेली स्वयंसेविका तेथे पोहोचली आणि हसत म्हणाली, "अगं, हे गाणं आपण नाचणार होतो ना?" तसे काही ठरलेले नव्हते. पण त्या एका वाक्याने हात सुटला, आरडाओरडा झाला नाही आणि मुलीला चारचौघांत काही बोलावे लागले नाही. नंतर पाण्याच्या टाकीजवळ स्वयंसेविकेने तिला तीनच गोष्टी विचारल्या: बसायचे आहे का, कोणाला बोलावू का, आणि आम्ही त्याच्याशी बोलावे असे तुला वाटते का. काय काय झाले ते सगळे सांग, असे तिने म्हटले नाही. आमच्या समितीच्या प्रशिक्षणात हे शिकवायला बराच वेळ जातो. या स्वयंसेविकेला कोणी शिकवले असेल तर त्या व्यक्तीचे कौतुक, आणि उपजत आले असेल तर तिचेच.

एवढे सगळे नीट होऊनही पुढची बाजू लंगडी पडली. मुलीने लेखी तक्रार दिली. त्यानंतर काय निर्णय झाला, हे तिला कळवले गेले नाही. तो गृहस्थ काही शुक्रवार दिसला नाही आणि मग एके दिवशी पुन्हा फ्लोअरवर होता. तो येणार आहे याची पूर्वकल्पना तिला कोणी दिली नव्हती. ती दारातून त्याला पाहून परत गेली. हे तिनेच मला सांगितले आणि तिच्या संमतीने मी येथे लिहीत आहे. संचालिकेला विचारले तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणे झाल्याचे, काही काळ येऊ नका असे सांगितल्याचे स्पष्ट केले. कारवाई झाली होती तर! पण ज्या व्यक्तीसाठी ती झाली तिला अंधारात ठेवले गेले, आणि तिच्या दृष्टीने कारवाई न होण्यात आणि यात फारसा फरक उरला नाही.

याचे मूळ रचनेत आहे. तक्रार संचालिकेकडे जाते. संचालिकेचे पती मुख्य प्रशिक्षक आहेत. निर्णय दोघे मिळून घेतात. उद्या तक्रार प्रशिक्षकाविरुद्धच असेल तर ती कोणाकडे द्यायची, याचे उत्तर फलकावर नाही. फलकावर ठळक अक्षरांत "झीरो टॉलरन्स" आहे आणि खाली एक ईमेल पत्ता, तोही संचालिकेचाच. मी या दांपत्यावर संशय घेत नाही. त्यांच्या वागण्यात मला खोट दिसली नाही. पण जोडीच्या नृत्याच्या जगात सत्ता शिक्षकाच्या हाती एकवटते, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेल्या लिंडी हॉप या नृत्याच्या आंतरराष्ट्रीय वर्तुळात २०१५ साली काही स्त्रियांनी एका नामांकित शिक्षकाविरुद्ध उघडपणे बोलायला सुरुवात केली, आणि त्यानंतर अनेक महोत्सवांनी लेखी आचारसंहिता आणि तक्रार ऐकणारी माणसे नेमली. फ्लोअरवरच्या आगंतुकाला हाताळणे तुलनेने सोपे आहे. ज्याच्यासोबत नाचायला मिळावे म्हणून सगळे रांग लावतात, त्याच्याबद्दल बोलणे अवघड.

कायदा येथे बऱ्यापैकी मदतीला येतो, आणि वर्गचालकांना तो ठाऊक नसावा याचे मला आश्चर्य वाटले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमात मनोरंजन किंवा शिक्षणाची सेवा देणारी खासगी आस्थापनाही कामाचे ठिकाण ठरते, आणि पीडित स्त्री तेथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे शुल्क भरून येणारी विद्यार्थिनीही तक्रार करू शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार लेखी हवी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत; सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढू शकते. गुन्हा नोंदवायचा असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ आहे, आणि स्पष्ट नकारानंतरही एखाद्या स्त्रीशी वारंवार संपर्क साधत राहणे कलम ७८ खाली येते. हा कायदा फक्त स्त्रियांना संरक्षण देतो, आणि नको असलेला स्पर्श पुरुषांच्याही वाट्याला येतो. म्हणून वर्गाची स्वतःची नियमावली सर्वांना लागू होईल अशी लिहायला हवी. स्थानिक समितीचा पत्ता आणि वर्गाबाहेरच्या एका जाणत्या व्यक्तीचा संपर्क फलकावर लिहायला एक दुपार पुरेल.

संपर्कावरून आठवले. अभ्यासक्रमात नाव घातले की आपल्याला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकले जाते आणि आपला क्रमांक शंभरेक अनोळखी लोकांना दिसू लागतो. पहिल्याच आठवड्यात माझ्यासोबतच्या तिघींना "काल छान नाचलात" असे खासगी निरोप आले होते. त्यातील एक निरोप सभ्य होता. मी हे सांगितल्यावर वर्गाने ग्रुप बंद करून कम्युनिटीचा घोषणा-गट सुरू केला, ज्यात सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. सूचना ऐकून दोन दिवसांत बदल करणारा वर्ग दुर्मीळच म्हणायचा. चित्रफितींबाबत मात्र तीच तत्परता दिसली नाही. नावनोंदणीच्या अर्जात खाली बारीक अक्षरांत चित्रीकरणाला सरसकट संमती घेतलेली आहे, आणि सोशलचे रील्स इन्स्टाग्रामवर येतात. घरी न सांगता नृत्य शिकायला येणाऱ्या मुली आमच्या तुकडीत होत्या. चित्रीकरणासाठी वेगळी खूण करण्याची जागा हवी, आणि नको म्हणणाऱ्यांसाठी फ्लोअरचा एक भाग कॅमेऱ्याबाहेर हवा.

खासगी शिकवण्यांच्या खोलीला दारात काच आहे आणि आतून कडी नाही, हे मी पाहून आले आहे. रात्री उशिरा परतणाऱ्यांना रिक्षा मिळेपर्यंत स्वयंसेवक खाली थांबतात. घामाबद्दलच्या सूचना विनोदी आणि उपयुक्त आहेत: जादा शर्ट आणा, बडीशेप खा, अत्तराची आंघोळ करू नका.

पाचपैकी मी साडेतीन तारे देते. नवख्या माणसाने, विशेषतः एकट्या येणाऱ्या स्त्रीने, या वर्गात जरूर जावे. साल्सा तर येईलच. सेन्शुअल बचाताच्या आठवड्यात उघड्या पकडीतला प्रकार दाखवा असे आधीच सांगून ठेवावे, आणि अर्जावर सही करण्यापूर्वी चित्रीकरणाचे कलम खोडावे. मी खोडले तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. तक्रारीच्या व्यवस्थेबद्दल मी संचालिकेला लेखी पत्र दिले आहे आणि बाहेरचा सदस्य नेमण्याचा विचार चालू असल्याचे त्यांनी कळवले आहे. नेमणूक झाली आणि त्या मुलीला तिच्या तक्रारीचे उत्तर मिळाले, तर मी येथे चौथा तारा पूर्ण करीन. नवी तुकडी दर दोन महिन्यांनी सुरू होते आणि पहिला तास विनामूल्य असतो.